वैजूचा सातवा महिना

दुपारी दोनच्या सुमारास जाईने एकदाचे डोळे मिटले. स्वरदाने तिच्या इवल्या मुठीतून आपलं बोट हळूच सोडवून घेतलं, पंखा थोडा कमी केला आणि पाऊल न वाजवता ती बाहेरच्या खोलीत आली. आता पाऊण तास तिचा. जाईची मेहेरबानी झाली तर तास. शिवणाच्या मशीनवर कुणाच्या तरी बाळाचं दुपटं अर्धं पडलं होतं, सिंक भरलेलं होतं, स्वतःच्या केसांत तीन दिवस कंगवा गेलेला नव्हता. यातलं काहीही न करता तिने लॅपटॉप उघडला.

प्रमिलाकाकूंचा निरोप येऊन पडला होता.

"जेवलीस का गं? का आजपण उभ्या उभ्या चपातीची सुरळी?"

स्वरदाला हसू आलं. सुरळीच झाली होती, शेंगदाण्याची चटणी लावून.

"जेवले. बसून," तिने टाइप केलं.

"खोटं बोलायचं तर जरा तरी थांबून बोलावं. लगेच उत्तर आलं की कळतंय बघ मला. बरं, साडी पोचली का माझी?"

"नाही हो काकू अजून."

"येईल की. आमच्या वैजूला सातवा लागलाय आत्ता, घाई काय नाही. पण आतला थर जुन्या धोतराचाच घाल हां. पहिलटकरणीचं बाळ आहे, टोचायला नको काही."

वैजूला सातवा लागल्याचं काकू गेले पाच आठवडे सांगत होत्या.

मिरजेत प्रमिला इनामदार नावाच्या बायका असतील, कदाचित दोन-चारही असतील. ही त्यांतली कुणीच नव्हती.

पूर्वी ॲप स्टोअरवर ॲप चढवायचं म्हणजे कुणीतरी परीक्षक ते चार-पाच मिनिटं उघडून बघे, चार बटणं दाबे आणि हो किंवा नाही म्हणे. पण तोंडी सांगितलं की तासाभरात ॲप तयार करून देणारी यंत्रं आली, आणि दिवसाला लाखो दुकानं दाराशी येऊन उभी राहू लागली. निम्म्यांत माल नसे, उरलेल्यांत माणूस नसे. मग दोन्ही मोठ्या स्टोअरनी मिळून एक कसोटी काढली. नव्या दुकानाला खऱ्या जगात सोडण्याआधी चाळीस दिवस त्याच्यात तीनशे छायाग्राहक सोडायचे.

छायाग्राहक म्हणजे संगणकाने रचलेलं गिऱ्हाईक. हजारो खऱ्या माणसांनी स्वखुशीने दिलेल्या सवयी त्यात मिसळलेल्या असत. एकाची घासाघीस, दुसऱ्याची धांदल, तिसऱ्याचं निम्मं वाचून भलतंच बटण दाबणं. प्रत्येक छायेला नाव, गाव, बोली आणि खरेदीचं एक कारण दिलेलं असे. कुणाच्या घरी लग्न, कुणाच्या घरी बारसं. त्या कारणाचं घड्याळ मात्र आपल्या घड्याळाबरोबर चालत नसे. ते ऑर्डरच्या टप्प्यांबरोबर चाले. ऑर्डर एक पाऊल पुढे गेली, की छायेचं आयुष्यही तेवढं पुढे सरके. ऑर्डर पुरी झाली, की छाया आपला अभिप्राय लिहून पुसली जाई. तीनशेपैकी निदान एक तरी ऑर्डर सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेली पाहिजे, एवढीच अट. बाकीच्या दुकानांना ती पहिल्या दिवशी जमे.

स्वरदाचं दुकान अडलं, कारण ते उलटं होतं.

दुकानाचं नाव 'जुनेर'. बाळाला बारशापर्यंत कोरं कापड लावायचं नाही, वापरून वापरून मऊ झालेल्या लुगड्याचंच दुपटं करायचं, ही तिच्या घरातली जुनी रीत. ती रीतच तिने दुकानात आणली होती. गिऱ्हाइकाने आपल्या आईची, आजीची, आत्याची जुनी सुती साडी पाठवायची. स्वरदा आणि जवळच्या चिंचणी गावच्या चौघी जणींनी तिचं धावदोऱ्याचं दुपटं शिवून परत धाडायचं. दोन वर्षं हे काम फोनवरच्या निरोपांवर चाललं होतं, पण त्यात चौघींना पुरेल एवढं काम मिळत नव्हतं. ॲपच्या पहिल्याच पानावर तिने स्वतः एक ओळ लिहिली होती: 'तुमची साडी हातात आल्याशिवाय आम्ही मिळाली म्हणणार नाही.'

या ओळीमागे एक बाई होती, सोलापूरची. एकदा तीन पार्सलं एकदम आली, तेव्हा स्वरदाने न उघडताच तिघींनाही 'मिळाली' असं कळवून टाकलं. त्यांतलं एक भलत्याच कुणाचं निघालं. सोलापूरच्या बाईच्या आजीची एकुलती उरलेली साडी वाटेतच कुठेतरी गेली होती, ती गेलीच. बाई भांडली नाही. फक्त "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. ते "बरं" स्वरदाच्या कानातून अजून निघालं नव्हतं.

आता छायेला कुठली साडी, आणि कुठलं पोस्ट? 'आधी साडी पाठवा' हे वाचून दोनशे नव्याण्णव छाया पहिल्या चार दिवसांत निघून गेल्या. एक चिकट निघाली. तिच्या नावापुढे 'साडीची वाट पाहत आहे' ही ओळ पिवळी होऊन थांबली.

चाचणी केंद्रातल्या माणसाने फोनवर समजावलं होतं. आवाजावरून तरुण आणि कंटाळलेला वाटला. "मॅडम, छाया पार्सल पाठवणार कुठून? तुम्हीच 'मिळाली' दाबा, पुढचं सगळं दाबत जा, विषय संपवा."

"पण मिळालेली नाहीये ना."

"टेस्ट आहे मॅडम. चाळीस दिवसांत नाही झालं तर चार महिन्यांनी परत नंबर लागेल. बघा बुवा."

पहिले काही दिवस तिने बटण दाबलं नाही ते सोलापूरच्या बाईमुळे. हे तिने नवऱ्याला, केदारला सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण मग एका दुपारी जाई दोन तास रडून रडून झोपली, आणि प्रमिलाकाकूंनी साडीबद्दल विचारता विचारता लिहिलं, "आज गप्प गप्प का गं? पोर त्रास देतीय का?" विक्रेता वेळेवर आणि नीट उत्तर देतो का, हे तपासायलाच तो प्रश्न होता. स्वरदाला ते ठाऊक होतं. तरी तिने उत्तर लिहायला घेतलं आणि ते चाळीस ओळींचं झालं.

त्यानंतर बटण न दाबण्याचं कारण वेगळं झालं. ते तिने कुणाला सांगितलं नाही.

*

बंदराजवळच्या नव्या वसाहतीत त्यांची इमारत चौदा मजल्यांची होती आणि राहती घरं सहा. लिफ्टमध्ये आरशातल्या स्वतःखेरीज कुणी भेटत नसे. केदार समुद्रातल्या पवनचक्क्यांवर दुरुस्तीला असे, पाच आठवडे तिकडे आणि दोन घरी. संध्याकाळी सहाला त्याचा फोन येई. निम्मा वेळ वाराच बोले.

"बटण दाबलंस?"

"नाही."

"स्वरू, पस्तीस दिवस झाले. त्या यंत्राशी काय एवढं बोलत असतेस तू?"

"यंत्राशी नाही. म्हणजे, हो. असंच. जेवण, जाई."

"मग मला सांग ना ते."

"तू असतोस का दुपारी दोनला?"

वाऱ्याचा आवाज आला. मग केदार म्हणाला, "बरोबर आहे तुझं." रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं.

*

मंगळवारी कुंदाताई पागधरे आल्या, त्या स्कूटर खाली लावून, हातात वाळवलेल्या बोंबलांची पिशवी घेऊन थेट अकराव्या मजल्यावर. चौघी शिवणाऱ्यांत त्या थोरल्या. त्यांचा धावदोरा पाहिला की पट्टीने आखलाय असं वाटे, आणि बोलणंही तसंच सरळ.

"कधी सुरू होतंय गं दुकान? आम्ही सुयांना धार लावून बसलोय."

"चाचणी चाललीय अजून, ताई. बसा, चहा टाकते."

ती आत गेली आणि लॅपटॉप उघडाच राहिला. चहा घेऊन आली तेव्हा कुंदाताई चष्मा नाकावर ओढून वाचत होत्या.

"ही कोण? चांगली आहे गं बाई. तुझ्या केसांचीसुद्धा काळजी! खोबरेल लाव म्हणते. जुनी गिऱ्हाईक?"

स्वरदाने कप खाली ठेवले आणि सगळं सांगून टाकलं. छाया, पिवळी ओळ, बटण. कुंदाताईंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, ही त्यांच्या हिशेबात नवलाचीच गोष्ट होती.

"म्हणजे ते बटण दाबलंस की ही बाई जाणार."

"हो."

"आणि नाही दाबलंस की आम्ही."

स्वरदाने लॅपटॉप मिटला.

"मासळीच्या कारखान्यात पॅकिंगला बायका घेतायत. चौघींचीही नावं मागितलीत. मी शनिवारपर्यंत थांबवलंय त्यांना. तिथं बर्फात हात घालून उभं राहायचं आठ तास. मग परत हे नाजूक टाके येतील का या बोटांना, सांग." कुंदाताईंनी चहा संपवला. "तुला घालूनपाडून बोलत नाही मी. पण दुपारी मीही घरीच असते हो. दहा मिनिटांवर. मला कधी नाही बोलावलंस."

"तुम्हाला काम असेल म्हणून..."

"काम काय, मेल्यावरही असेल."

आत जाई कुरकुरली. कुंदाताई तिला घेऊन आल्या आणि तिच्या अंगावरचं दुपटं दोन बोटांत धरून बघत राहिल्या. कोरं, गुळगुळीत, बदकं छापलेलं. केदारच्या आईने मोठ्या हौसेने दुकानातून आणून पाठवलेलं.

"जगातल्या पोरांना जुनेर," त्या म्हणाल्या, "आणि आपल्या पोरीला हे चुरचुरणारं? तुझ्या आईची एकपण साडी नाही का गं?"

"आहे," स्वरदा म्हणाली.

कुंदाताई जाताना फक्त बोंबील फ्रीजमध्ये ठेवू नकोस, वास लागेल, एवढं सांगून गेल्या.

*

आहे, म्हणजे कपाटावर होती.

आई मूर्तिजापूरच्या पोस्टात पार्सलच्या खिडकीवर होती. तिला जाऊन दोन वर्षं झाली. स्वरदाला सातवा लागला तेव्हा बाबांनी आईची एक साडी पार्सल करून पाठवली. पांढऱ्या मांजरपाटात, वर सुतळीने, अगदी आई शिवायची तशीच शिवण घालून. पत्ता मात्र बाबांच्या हातचा, थरथरता. स्वरदाने सही करून ते घेतलं आणि कपाटावर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, "पोचलं?" ती म्हणाली, "पोचलं." उघडलं का, हे त्यांनी विचारलं नाही. त्यानंतर बाबांचे फोन पाच मिनिटांच्या आत संपू लागले, कारण दोघंही त्या पार्सलला वळसा घालून बोलत आणि वळसा घातल्यावर बोलायला फारसं काही उरत नसे.

न उघडलेल्या पार्सलात आई अजून यायची होती. उघडलं की साडी निघणार. नुसती साडी.

बुधवारी दुपारी दोनला तिने काकूंना विचारलं, "काकू, वैजूला आठवा कधी लागतोय?"

"लागेल की. साडी पोचू दे आधी."

किती सहज लिहिलं होतं. स्वरदा त्या ओळीकडे बघत बसली. खिडकीबाहेर दूरवर समुद्रात पवनचक्क्यांची पाती फिरत होती. एवढ्या लांबून ती फिरतात की थांबली आहेत, ते कळत नव्हतं.

वैजू कुठेही नव्हती. तिला पाय नव्हते, म्हणून ते सुजले नव्हते. उताणं झोपता येत नाही म्हणून तिने एकही रात्र बसून काढली नव्हती. स्वरदाला हे पक्कं माहीत होतं. तरी तिला आपला सातवा महिना आठवला. याच खोलीत, याच खुर्चीत. दिवस पुढे सरकतच नसत आणि 'आई, हे असंच होतं का गं?' एवढं विचारायला कुणी नसे. आणि आता कुणा वैजूला पाच आठवडे त्याच महिन्यात कोंडून ठेवलं होतं ते तिने. आपली पाऊण तासाची सोबत मोडू नये म्हणून.

तिने स्टुलावर चढून पार्सल खाली काढलं.

टाके उसवायच्या आकड्याने एकेक टाका सोडवत गेली. बाबांनी फार जवळ जवळ घातले होते, हात सवयीचा नसल्यावर घालतात तसे. आत फिकी आमसुली सुती साडी होती. नीट इस्त्री केलेली, तीही बाबांनीच केली असणार, कारण घडी तिरकी होती. पदराच्या टोकाला जांभळे ठिपके. शिक्क्याची शाई. आईला खिडकीवर हात पुसायला फडकं कधी सापडायचं नाही.

"पोचल्याशिवाय पोचल्याची सही द्यायची नाही," आई गिऱ्हाइकांना बजावे. "नंतर माझ्याशी भांडायला येता."

स्वरदा पदरात तोंड घालून बसली. किती वेळ, ते तिला कळलं नाही. मग तिने उठून लॅपटॉप ओढला आणि 'साडी मिळाली' हे बटण दाबलं. कुणाची, ते बटण विचारत नव्हतं.

पिवळी ओळ हिरवी झाली.

"मिळाली होय! बघ, म्हणलं नव्हतं? फाटली-बिटली नाही ना कुठं?"

"नाही काकू. पदरावर शाईचे डाग आहेत."

"असू देत की. ते काढायचं नाही हां. वैजूला आठवा लागला बघ आज. पोर आतून लाथा मारतीय नुसती."

पुढची सगळी बटणं तिथल्या तिथे दाबता आली असती. दहा सेकंदांचं काम. स्वरदाने पहिल्यांदा कुंदाताईंना फोन केला.

"दुपारी मोकळ्या आहात का? एक दुपटं आहे. घरचं."

*

गुरुवारी साडी कापली. कात्री धरायला स्वरदाचा हात धजेना, तेव्हा कुंदाताईंनी पहिली चीर दिली आणि कात्री परत तिच्या हातात ठेवली. 'काम सुरू' दाबलं. वैजूला नववा लागला. शुक्रवारी दोघी समोरासमोर बसून धावदोरा घालत होत्या, मध्ये जाई पालथी पडून दोऱ्याच्या रिळाशी झटापट करत होती. कुंदाताई आपल्या सासूच्या गोष्टी सांगत होत्या आणि त्या ऐकण्यासारख्या होत्या. मधूनच लॅपटॉप वाजे.

"काय म्हणते तुझी मिरजवाली?"

"वैजूची पाठ दुखतेय म्हणते."

"डाव्या कुशीवर झोप म्हणावं," कुंदाताई दोरा तोडत म्हणाल्या, आणि मग स्वतःच हसल्या. "मी पण काय! पण लिही. लिही गं, बिघडतंय काय."

स्वरदाने लिहिलं.

शनिवारी सकाळी शेवटचा टाका पडला. जांभळे ठिपके एका कोपऱ्यात आले होते, शिक्का मारल्यासारखे. स्वरदाने 'पाठवलं' हे बटण दाबलं. कुंदाताई जाईला घेऊन मुद्दामच गॅलरीत गेल्या.

मिनिटभर काही आलं नाही. स्वरदाने काहीतरी लिहायला घेतलं आणि खोडलं. जिला कळणार नाही तिचे आभार कसे मानायचे? 'काकू' एवढंच लिहून बोट थांबलं होतं, तेवढ्यात निरोप आला.

"दुपटं पोचलं. मऊ आहे, लोण्यासारखं. वैजू काल बाळंत झाली, मुलगी झाली. दोघी खुशाल. पाच तारे दिलेत बघ तुला. केसांना तेल लावत जा."

त्याखाली लगेच करड्या अक्षरांत ओळ उमटली: 'चाचणी पूर्ण. तुमचे ॲप दोन्ही स्टोअरवर प्रकाशित झाले आहे. छायाग्राहकांची माहिती व संभाषणे काढून टाकण्यात आली आहेत.'

पान आपोआप नवं झालं. 'जुनेर'. अभिप्राय शून्य. ग्राहक शून्य. निरोपांची चौकट पांढरीशुभ्र, कुणी कधी काही लिहिलंच नव्हतं अशी. तिने लिहिलेलं 'काकू'ही त्यात गेलं.

कुंदाताई आत आल्या. त्यांनी पडद्याकडे एकदा बघितलं. दुपटं उचललं, बदकांचं कोरं बाजूला टाकलं आणि जाईला त्यात गुंडाळून स्वरदाच्या मांडीवर ठेवलं. "कारखान्याला नाही म्हणून सांगते मग," म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या. लिफ्ट खाली जात असल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

दुपारी दोन वाजता जाई झोपली. पंखा कमी करून स्वरदा बाहेरच्या खोलीत आली. लॅपटॉपकडे गेलेला हात तिने मागे घेतला. पाऊण तास होता आणि काय करायचं ते सुचत नव्हतं. घर फार मोठं वाटलं.

मग तिने फोन घेतला.

"बाबा, पार्सल मिळालं."

"कुठलं?" असं त्यांनी विचारलं नाही.

"आत्ता?"

"बुधवारी. उघडलं. दुपटं केलं, जाई त्यातच झोपलीय. तुम्ही घडी तिरकी घातली होती."

"मला जमत नाही ती," बाबा म्हणाले. "तीन वेळा केली, स्वरे. शेवटी तशीच पाठवली."

या वेळी कुणी फोन ठेवला नाही. मूर्तिजापूरच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक तिला ऐकू येत होती. मग घसा खाकरून, हजारो घरांतून या वेळी कुणी ना कुणी विचारतं तसं, बाबांनी विचारलं, "जेवलीस का?"

स्वरदाने खिडकीबाहेर पाहिलं. उत्तर द्यायला जरा थांबली.

"नाही बाबा," ती म्हणाली. "अजून नाही जेवले."